शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर: फी माफ होते, मेसचं बिल थांबत नाही

चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड अशा डोंगरी तालुक्यातल्या घरातलं पहिलंच पोर पदवीला किंवा एम.ए., एम.एस्सी.ला येणार असेल, तर शिवाजी विद्यापीठ त्याच्यासाठी चांगलं आहे का? आहे. फक्त ‘सरकारी विद्यापीठ आहे, फी नाही, म्हणजे काळजी नाही’ असं जे गावात सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. फीचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. सुटलेला नाही तो जुलैत प्रवेश घेतल्यापासून शिष्यवृत्तीचा पहिला रुपया खात्यात पडेपर्यंतच्या महिन्यांचा. गरीब घरची पोरं शिक्षण सोडतात ती बहुतेक याच काळात. म्हणून हे परीक्षण इमारती, बाग आणि क्रमवारी बाजूला ठेवून त्या महिन्यांकडे बघून केलं आहे.

विद्यापीठाची ओळख थोडक्यात. स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे. सोलापूर २००४ मध्ये वेगळं झालं. २०२१ मध्ये नॅकची, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, ए++ श्रेणी मिळाली. आवार मोठं आणि शांत आहे आणि बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय हे गरीब विद्यार्थ्यासाठी इथलं सर्वात मोठं बळ आहे. ज्याला पाचशे-सातशेचं संदर्भपुस्तक विकत घेता येत नाही आणि खोलीवर चौघांत एकच टेबल आहे, त्याचं निम्मं शिक्षण तिथे होतं. पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाचं कार्ड काढावं, परीक्षा जवळ आल्यावर नव्हे.

कोल्हापूरला या विषयात मोठा वारसा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशा वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झालं. दसरा चौकात आजही मुस्लिम बोर्डिंग दिसतं. महाराजांनी ओळखलेली गोष्ट अशी, की शाळेचं दार उघडं ठेवून खेड्यातला मुलगा आत येत नाही. त्याला शहरात रात्री झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं. पहिलं बोर्डिंग निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९०२ ला, त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. राहण्याची सोय, शिक्षण आणि शिक्षणानंतरची नोकरी या तिन्ही गोष्टी एकाच नजरेखाली होत्या. आज त्या वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या पोर्टलवर आणि वेगवेगळ्या तारखांना विखुरलेल्या आहेत.

फी

फीबाबत आधी एक गोष्ट विचारून घ्या: अभ्यासक्रम अनुदानित (सरकारच्या पैशावर चालणारा) आहे की विनाअनुदानित (फीवरच चालणारा)? एकाच महाविद्यालयात बी.एस्सी.ची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते आणि फीमध्ये मोठा फरक असतो. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात असतं. गुण जेमतेम असतील तर पहिल्या यादीत विनाअनुदानित तुकडीत नाव लागतं आणि घरचे घाबरून लगेच पैसे भरून टाकतात. अनुदानित तुकडीच्या पुढच्या फेरीची तारीख बघून मगच ठरवा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याच्या वर असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे ज्याला सगळे फ्रीशिप म्हणतात ती. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बल घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा आठ लाख, लाभ निम्म्या शुल्काचा आणि तोही कुटुंबातल्या दोन मुलांपुरता. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला: आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. गावातल्या एखाद्या ‘प्रवेश करून देणाऱ्या’ माणसाच्या नादी लागून कोट्यातली जागा घेतली, तर चार वर्षांची माफी एका सहीत जाते.

माफ होतं ते शिक्षण आणि परीक्षा शुल्क. विकास निधी, प्रयोगशाळा अनामत, जिमखाना, ओळखपत्र, वसतिगृह आणि मेस यांचं काय, ते प्रत्येक योजनेत वेगळं आहे. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर पावतीचं विवरण मागून घ्या आणि ‘शिष्यवृत्तीपात्र’ असं अर्जावर लिहून घ्या. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क आगाऊ मागायचं नसतं. तरी मागितलं तर तोंडी वाद न घालता लेखी विचारा.

पैसे येतात, पण उशिरा आणि थोडे

आता आकडे बघा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार अनुसूचित जातीच्या साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला शैक्षणिक भत्ता मिळतो तो वसतिगृहात राहत असेल तर वर्षाला ६,००० आणि घरून येत असेल तर ३,०००. अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा पहिल्या गटात हेच आकडे १३,५०० आणि ७,००० आहेत. सहा हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला पाचशे. कोल्हापुरात पाचशे रुपयांत महिनाभर एक वेळची मेससुद्धा होत नाही. नियम करताना पोराच्या ताटाचा हिशेब कुणी केला नाही, असंच म्हणावं लागतं.

ही कसर भरून काढणारी योजना म्हणजे स्वाधार. शासकीय वसतिगृहात अर्ज करूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम थेट खात्यात मिळते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, आणि इतर जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणी ४३,००० म्हणजे भोजन २५,०००, निवास १२,००० आणि निर्वाह ६,०००. याच धर्तीवर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आमच्या मते फी माफीपेक्षाही या चार योजना जास्त मोलाच्या आहेत, आणि गावात त्यांचीच माहिती सर्वात कमी असते. स्वाधारला ७५ टक्के हजेरी लागते, विद्यार्थी स्थानिक रहिवासी नसावा लागतो आणि आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज केलेला असावा लागतो. ‘तिथे नंबर लागणारच नाही’ म्हणून तो अर्ज न करणारे इथेच अपात्र ठरतात.

उशीर का होतो, तेही समजून घ्यायला हवं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याण किंवा संबंधित खात्याच्या जिल्हा कार्यालयात आणि शेवटी निधी उपलब्ध झाल्यावर कोषागाराकडे जातो. यातला कुठलाही टप्पा अडला की मागचा सगळा वेळ वाया. महाविद्यालयं अर्ज गठ्ठ्याने, शेवटच्या तारखेच्या जवळ पुढे ढकलतात हे मोठं कारण आहे. दुसरं असं, की अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत राज्याचा ४० टक्के वाटा आधी येतो आणि केंद्राचा ६० टक्के नंतर, दोन्ही थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. त्यात महाविद्यालयाची फीसुद्धा असते आणि ती सात दिवसांत भरायची असते. घरात आजारपण असेल, खतासाठी उधारी असेल, तर ते पैसे तिकडे जातात. मग वर्षाच्या शेवटी महाविद्यालय फीसाठी तगादा लावतं आणि टीसी, गुणपत्रिका अडवतं. पैसे आल्याचा मेसेज आला की फी आणि भत्ता यांचे दोन भाग त्याच दिवशी वेगळे करा.

फॉर्म कुठे अडकतो

सर्वात जास्त अर्ज अडतात ते बँकेच्या बाबतीत. ‘खातं आधारला लिंक आहे’ असं बँकेतला माणूस सांगतो आणि ते खरंही असतं, पण त्याचा अर्थ केवायसी झाली एवढाच. शिष्यवृत्ती पडते ती एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत जे खातं आधारशी जोडलेलं आहे त्याच्यात, आणि अशी नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते. मोबाईलच्या दुकानात सिम घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं किंवा दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी काढलेलं खातं नंतर जोडलं गेलं की नोंद तिकडे सरकते. विद्यार्थी जुन्या पासबुकात एंट्री मारून बघतो, पैसे नाहीत. इकडे पोर्टलवर ‘वितरित’ दिसतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस (या नोंदीत कोणती बँक जोडली आहे ते) बघा, तिथे बँकेचं नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं पाहिजे. शाळेत असताना पालकाच्या सहीने उघडलेलं खातं अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर नव्या सहीने अद्ययावत करावं लागतं. व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं आणि रक्कम परत जाते.

दुसरं, आधारला जोडलेला मोबाईल नंबर. बहुतेक घरांत तो वडिलांचा जुना, रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर असतो. ओटीपी येत नाही, म्हणून नोंदणीच होत नाही. नंबर बदलायला आधार केंद्रात जावं लागतं आणि ऑगस्टमध्ये तिथे रांग असते. हे काम मे महिन्यात उरकावं.

तिसरं, नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. पोर्टल फरक पकडतं आणि अर्ज परत येतो. ‘परत पाठवला’ असा शेरा आला की किती दिवसांत दुरुस्त करायचा याला मर्यादा असते, आणि विद्यार्थी पोर्टल महिनोन् महिने उघडून बघत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करणं एवढंच औषध आहे. दुसऱ्या वर्षाला ‘नूतनीकरण’ऐवजी ‘नवीन’ अर्ज भरला गेला, तरी तो अडकतो. सायबर कॅफेत फॉर्म भरून घेत असाल तर युजरनेम, पासवर्ड आणि अर्ज क्रमांक वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घ्या; कॅफेवाल्याचा नंबर टाकून घेतला तर पुढच्या वर्षी तुमचा अर्ज त्याच्या हातात राहतो.

उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं असतं. फेब्रुवारीत घाईने काढलेला दाखला जुलैत चालत नाही. एप्रिल उजाडल्यावर नवा काढा. जात पडताळणीचं काम मात्र बारावीतच सुरू करावं. अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा समितीकडे जातो आणि जातीचा आणि रहिवासाचा पुरावा लागतो तो मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळेतला दाखला नसेल तर चुलत आजोबांचा, आत्याचा, गावकामगारी नोंदीचा, कोतवाल बुकातल्या (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीतल्या) नोंदीचा उतारा शोधावा लागतो. धनगरवाड्यावरच्या, सतत फिरतीवर राहिलेल्या घरांना हे सर्वात अवघड जातं, कारण आजोबा शाळेतच गेलेले नसतात. घरात एखाद्या चुलत्याची पडताळणी आधी झाली असेल तर तीच सर्वात भक्कम आधार ठरते, म्हणून आधी नात्यात विचारा.

राहणं आणि जेवणं

विद्यापीठाच्या आवारात मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत आणि ती बाहेरच्या खोलीपेक्षा सर्व दृष्टीने बरी. प्रश्न जागांचा आहे. जागा गुणवत्तेने वाटल्या की ज्याचं घर एसटीने तासाभरावर आहे त्यालाही मिळते आणि चंदगडचा मुलगा मागे राहतो. अंतर आणि उत्पन्न यांना गुणांच्या बरोबरीने वजन हवं. बाहेर राजेंद्रनगर, सायबर चौक, राजारामपुरी भागात कॉट बेसिसवर राहावं लागतं. मालक अनामत आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ मागतो. आणि हाच तो पैसा, जो शिष्यवृत्ती येण्याआधी लागतो. भाडेपावती आणि साधा करारनामा मागून घ्या, कारण स्वाधार आणि सावित्रीबाई फुले आधार योजनेला बाहेर राहत असल्याचा पुरावा लागतो आणि बरेच मालक नंतर सही द्यायला नकार देतात.

ज्यांचं गाव पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी एसटीच्या विद्यार्थी पासचा विचार करावा. भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात महिन्याचा पास होतो. तो बोनाफाईड दाखवून काढायचा. रोजचा प्रवास अंगावर येतो हे खरं, म्हणून बरेच जण शहरात राहून सकाळच्या एसटीने गावाकडून डबा मागवतात. स्टँडवर डबे उतरून घेणारी पोरं रोज दिसतात. भाकरी-भाजीचा तो डबा मेसचं एक वेळचं बिल वाचवतो. पण एसटी संपावर गेली किंवा पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं की ही सोय आठवडाभर बंद पडते, तेव्हा हाताशी थोडे पैसे ठेवावे लागतात.

या सगळ्यात विद्यापीठाची स्वतःची जी गोष्ट मनापासून दाद देण्यासारखी आहे, ती कमवा व शिका योजना. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचाराची ही परंपरा, त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासूनची. शिवाजी विद्यापीठात या योजनेतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं विद्यार्थी भवन आहे: रोज ठरावीक तास काम करायचं, त्या बदल्यात शिक्षणाचा आणि राहण्याचा भार हलका. इथून शिकून बाहेर पडलेले लोक अधिकारी, प्राध्यापक झालेले आहेत. अर्ज करणाऱ्याने एवढंच बघावं, की कामाची वेळ प्रॅक्टिकलच्या वेळेत येत नाही ना. विज्ञान शाखेत दुपार प्रयोगशाळेतच जाते, तेव्हा सकाळचं काम मागून घ्यावं. संलग्न महाविद्यालयांतही ही योजना असते. तिथे मोबदला तासावर ठरतो, आणि तो दर महिन्याला दिला जातो की सत्राच्या शेवटी एकदम, हे आधी विचारा. एकदम मिळणाऱ्या पैशाने सप्टेंबरची मेस भागत नाही.

विद्यापीठाकडून काय हवं

पोर्टल राज्याचं आहे, निधी केंद्राचा-राज्याचा आहे, त्यामुळे उशिराचा दोष विद्यापीठाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण मधला काळ निभावून नेणं विद्यापीठाच्या हातात आहे. शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या विद्यार्थ्याला ऑगस्ट ते डिसेंबर मेसचं बिल उधार ठेवणारा निधी उभा करता येतो. पैसे खात्यात आले की विद्यार्थी फेडतो, आणि तोच निधी पुढच्या वर्षी फिरतो. परीक्षा फॉर्मचं विलंब शुल्क आणि त्यावरचं अतिविलंब शुल्क शिष्यवृत्तीधारकाला माफ करणं हा एका परिपत्रकाचा विषय आहे. फॉर्म भरायला हातात पैसे नाहीत म्हणून थांबायचं आणि थांबलं म्हणून दंड भरायचा, यात गरीब घर दोनदा मार खातं. मे-जूनमध्ये तालुक्याच्या ठिकाणी सीडिंग, दाखले आणि अर्ज यांची शिबिरं घेतली, तर वर उल्लेख केलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका प्रवेशाआधीच निघतील.

नॅकच्या मूल्यांकनात शिष्यवृत्तीचे लाभार्थी किती, हे मोजलं जातं. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात मिळाली, हे मोजलं जात नाही. पहिल्या सत्राला नाव असलेले आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला न बसलेले किती, त्यातले राखीव आणि दुर्बल घटकांतले किती, हा आकडा प्रत्येक विभागाने दरवर्षी फलकावर लावावा. तो लावला की उपाय कुठे करायचा, हे प्राध्यापकांना आपोआप दिसेल.

शिक्षण मध्येच सोडावं लागलंच, तर नव्या शैक्षणिक धोरणातली सोय माहीत हवी. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं आणि क्रेडिट, म्हणजे झालेल्या अभ्यासाचे श्रेयांक, खात्यात जमा राहतात. त्यासाठी बाहेर पडताना ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. ती न करता नुसतं येणं बंद केलं तर हातात काही येत नाही. परत आल्यावर शिष्यवृत्तीसाठी शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला लागलेल्यांसाठी विद्यापीठाचं दूर व ऑनलाईन शिक्षण केंद्र हा रस्ता आहे, पण तिथे वसतिगृह आणि वर्गातली सोबत मिळत नाही.

पदवीनंतरचा भाग सर्वात कच्चा आहे. बी.ए. झाल्यावर पहिल्या पिढीतला मुलगा बहुतेक एमपीएससी आणि पोलीस भरतीकडे वळतो, कारण ओळखीत दुसरी नोकरी करणारं कुणी नसतं. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि महाज्योती (इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी) या राज्याच्या संस्थांची मदत आहे, संशोधनाला अधिछात्रवृत्ती आहेत आणि सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. तिथल्या जाहिराती विभागाच्या फलकावर वेळेत लागल्या पाहिजेत. पण फाउंड्री, साखर, दूध, कापड हे इथलेच उद्योग आहेत आणि हिशेब, गुणवत्ता तपासणी, संगणक, भाषांतर या कामांना तिथे माणसं लागतात. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात अशा ठिकाणी दीड-दोन महिन्यांची, पगारी इंटर्नशिप विभागाने स्वतः ठरवून दिली पाहिजे. बिनपगारी इंटर्नशिप ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाच परवडते. दुसरा त्या सुट्टीत रोजंदारीवर जातो आणि त्याच्या अर्जावर अनुभवाचा रकाना कोराच राहतो.